रमजान, उपवासकाळ आणि मावशीचा कूलर : सोलापुरातले पाच दिवस

बुधवार, १९ मार्च २०२५

मावशीचा फोन आला की कूलर बंद पडलाय, मार्चमध्येच सोलापूर तापलंय, येतोस का बे. मावशीने वाक्याच्या शेवटी 'बे' लावलं की नाही म्हणायची सोय नसते, त्यामुळे चार दिवस रजा टाकली आणि पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा पकडली.

गाडीचं नाव सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून आहे हे बऱ्याच पुणेकरांना माहीत नसतं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली. हे सांगायचं कारण म्हणजे शेजारच्या सीटवरचे काका हेच आपल्या नातवाला सांगत होते आणि मधेमधे मोबाईलवर रोजा सोडायची वेळ बघत होते. आता धावत्या गाडीत वेळ कुठली धरायची, पुण्याची की सोलापूरची? आठेक मिनिटांचा फरक येतो, सोलापूर पूर्वेला असल्याने तिथे सूर्य आधी बुडतो. काका म्हणाले, आपण जिथं असू तिथला सूर्य. मग यवतच्या अलीकडे कुठेतरी उसाच्या पलीकडे तो बुडालेला नीट बघून त्यांनी डबा उघडला आणि पहिला खजूर तोंडात टाकायच्या आधी दुसरा माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. खाऊन झाल्यावर आठवलं की उपवासकाळात मी गोड सोडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ असतो, चाळीस दिवसांचा, म्हणजे कॅलेंडरवर मोजले तर शेहेचाळीस भरतात कारण रविवार धरत नाहीत. या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला आला आणि पहिला रोजा २ मार्चला, म्हणजे दोन्ही जवळजवळ हातात हात घालूनच सुरू झाले. असं दरवर्षी होत नाही, कारण रमजान चंद्राच्या वर्षाप्रमाणे दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि आमचा काळ ईस्टरला बांधलेला.

रात्री दहाला उतरलो. मावशीला पहिला प्रश्न विचारला, खजूर गोडात धरायचा की नाही. ती म्हणाली, "फळ आहे. झोप आता."

गुरुवार, २० मार्च

पहाटे साडेचारला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. मला वाटलं मावशी उठली, पण आवाज भिंतीपलीकडून येत होता. शेजारच्या चाचीचा सेहरीचा, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचा स्वयंपाक. मावशीचं आणि चाचीचं घर एका भिंतीचं, अंगण एकच, मधे फक्त गुडघाभर कठडा. मावसा आणि चाचा एकाच गिरणीत एकाच पाळीला होते, गिरणी बंद पडली तेव्हा दोघं एकाच दिवशी घरी बसले. चाचीची मुलं मावशीला 'खाला' म्हणतात, म्हणजे शब्दशः मावशीच. आणि चाचीच्या नातीचं नाव येशूच्या आईचं आहे, माझ्या आजीचंही तेच होतं. मावशी अंगणातून त्या पोरीला हाक मारते तेव्हा मला दरवेळी वाटतं की आजीला बोलावतेय.

यात तसं आश्चर्य काही नाही म्हणा. कुराणात नाव घेऊन उल्लेख आलेली बाई एकच, ती म्हणजे मरियम, तिच्या नावाचा आख्खा सूरा, म्हणजे अध्याय आहे, एकोणिसावा. ईसाचा जन्म कुमारीपोटी झाला हे दोन्हीकडे मान्य. साधारण ६१५ साली मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे इथिओपियाकडे गेले, तिथला ख्रिस्ती राजा नजाशी याने विचारलं तुमच्याकडे काय आहे ते ऐकवा, तेव्हा त्यांनी ऐकवला तो हाच मरियमचा सूरा. परंपरा सांगते की राजा रडला आणि त्याने त्यांना परत पाठवायला नकार दिला. ही गोष्ट मी संडेस्कूलमध्ये कधी ऐकली नाही, मला चाचांनी सांगितली, तीसुद्धा गोट्या खेळायच्या वयात.

सकाळी कूलरवाला आला, म्हणाला पंप गेलाय, उद्या आणतो. इथे 'उद्या'चा अर्थ विचारायचा नसतो.

संध्याकाळी रोजा सोडून झाल्यावर चाचांबरोबर शाह जहूर दर्ग्यात गेलो. जुमेरातची गर्दी होती. सिद्धेश्वराच्या देवळाच्या अगदी जवळ आहे, तलावाकडून येणारा वारा उदबत्तीच्या धुरातून येतो. चाचांनी फुलांची चादर चढवली, डोक्याला रुमाल बांधलेला, दोन्ही हात पसरून पुटपुटत उभे राहिले. मला बांद्र्याचा माउंट मेरी आठवला, तिथे लोक मेणाचे हातपाय, मेणाची घरं, मेणाची बाळं वाहतात, जे दुखतंय किंवा हवंय त्याचा आकार. इथे जाळीला दोरे.

गंमत पुढे आहे. परत आल्यावर अंगणात चाचांचा मुलगा (माझ्याच वयाचा, बॅटऱ्यांचं दुकान आहे) तोंड वाकडं करून म्हणाला, "अब्बा फिर गए दरगाह? कबर से क्या माँगना." त्याचं म्हणणं, मागायचं ते थेट अल्लाकडे, मधे कुणी नको. आणि आमची मावशी, पक्की प्रोटेस्टंट, पायरीवर शेंगा फोडत होती, ती मान डोलवून म्हणाली, "बरोबर बोलला पोरगा." आमच्याकडेही हाच वाद आहे ना! कॅथलिक संतांच्या मध्यस्थीने प्रार्थना करतात, मेणबत्ती लावतात, आम्ही लावत नाही. तेव्हा आजचा सामना असा झाला: एका बाजूला चाचा आणि बांद्र्याचे कॅथलिक, दुसऱ्या बाजूला चाचांचा मुलगा आणि आमची मावशी. दोन धर्मांत साम्य काय काय असं कुणी विचारलं की लोक प्रेम, शांती वगैरे सांगतात, मला तर आधी घरातलं भांडण सारखं दिसलं.

शुक्रवार, २१ मार्च

आज रोजा धरायचा ठरवला. विसावा रोजा होता. मावशी म्हणाली कशाला, आपला आपण पाळ की. मी म्हटलं आपल्यात आहे काय, एक गोड सोडलं की झालं. हे तिला लागलं. आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, ते लोक १८१३ ला मुंबईत आले, १८३१ ला नगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात. त्या मिशनऱ्यांना असल्या ठरवून दिलेल्या उपासांचं फार कौतुक नव्हतं. पुढे १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि राख, जांभळं कापड, चाळीस दिवस हे सगळं आपल्याकडे हळूहळू रुळलं. मावशीने चहा आणि मटण सोडलंय. सोलापुरात राहून मटण सोडणं म्हणजे काय हे सोलापूरकरालाच कळेल.

पहाटे पाचच्या आत चाचीकडे जेवलो. कडक भाकरी दुधात कुस्करून, वर दही, एक केळं, दोन तांबे पाणी. चाची म्हणाली, "पेट भर के खा, दोपहर में याद आयेंगी अम्मा."

अम्मा साडेबाराला आठवली.

दुपारी चाचांबरोबर जुम्म्याच्या नमाजेला गेलो, मी मागे कडेला बसणार होतो, कुणी हरकत घेतली नाही. हौदावर चाचा वजू, म्हणजे नमाजेआधीचं धुणं, करत होते ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाकात पाणी, तोंड, कोपरापर्यंत हात, उजवा आधी, ओला हात डोक्यावरून, शेवटी घोट्यापर्यंत पाय. बोटांच्या बेचक्यातून बोट फिरवतात. गिरणीतून आल्यावर काजळी धुवायचे तसंच, घाई नाही. शेजारी एक शाळकरी पोरगं उकाड्याचं निमित्त करून डोक्यावर ओंजळच्या ओंजळ ओतत होतं, त्याला कुणीतरी दटावलं की वजू है, नहाना नहीं.

आम्ही चर्चला जाताना असं काही धूत नाही, पण पूर्वी होतं. जुन्या रोमन चर्चच्या अंगणात कारंजं किंवा हौद असायचा, आत जाण्याआधी हातपाय धुवायला. कॅथलिक दारातल्या पाण्यात बोट बुडवून कपाळाला लावतात ते त्याच धुण्याची आठवण म्हणतात. चपला काढणं तर इथिओपियाच्या चर्चमध्ये आजही सक्तीचं आहे, आणि इथिओपिया कशाला, माझ्या आजोळच्या खेड्यातल्या चर्चमध्येही दाराशी चपलांचा ढीगच असायचा, येताना स्वतःची सापडली तर नशीब.

मग सजदा. सगळी रांग एकदम खाली गेली, तीनेकशे पाठी, आणि क्षणभर फक्त पंख्यांचा आवाज. मी ज्या घरात वाढलो तिथे कपाळ जमिनीला टेकवणं म्हणजे हिंदूंचा नमस्कार किंवा मुसलमानांची नमाज, आपलं ते नव्हे, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो ती कशी? पालथा पडून. बसून नाही, डोळे मिटून खुर्चीत नाही. सीरियन आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासकाळात आजही कपाळ टेकवून प्रार्थना करतात, केरळातले सीरियन ऑर्थोडॉक्स तर दिवसातून सात वेळच्या प्रार्थना मानतात, पूर्वेकडे तोंड करून. मुसलमानांचा किब्ला, म्हणजे नमाजेत तोंड करायची दिशा, तोसुद्धा आधी जेरुसलेमकडेच होता, ६२४ साली तो मक्केकडे वळला. आम्ही बाकावर बसणारे लोक म्हणजे उलट नवीन, बाक चर्चमध्ये बऱ्याच उशिरा आले.

फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला सूरा, संपल्यावर सगळे 'आमीन' म्हणाले आणि माझ्या तोंडून सवयीने 'आमेन' निघालं, जरा मोठ्यानेच. शेजारच्या म्हाताऱ्याने वळून बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

घरी आलो, मावशीच्या फ्रिजमधून बाटली काढली, घटाघटा पाणी प्यालो, अर्धी बाटली संपल्यावर दारात चाची दिसली. "क्या रे? रोजा था ना तेरा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाची हसली. म्हणाली भूलसे पिया तो टूटता नहीं, विसरून खाल्लं-प्यालं तर ते अल्लानेच खिलाया-पिलाया असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे, चलने दे. मोठाच दिलासा. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की उरलेली अर्धी बाटली मी पाऊण तासाने संपवली आणि ती विसरून नव्हती.

साडेपाचला कॅथलिक चर्चमध्ये क्रूसाची वाट होती, मावशी येत नाही पण तिची एक मैत्रीण जाते, तिच्याबरोबर गेलो. उपवासकाळातल्या शुक्रवारी असते. भिंतीवर चौदा चित्रं, येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवेपर्यंत. प्रत्येक चित्रापाशी थांबायचं, गुडघा टेकायचा, उठायचं, वाचन, प्रार्थना, पुढे. चौदा वेळा उठबस. पाचव्या चित्रापाशी माझे गुडघे बोलायला लागले. पुढे एक आजी बाकाची कड धरून उठत होती, आणि मला दुपारी मशिदीत कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नमाज पढणारे दोन म्हातारे आठवले. तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजेच्या, वीस रकात, दर रकातीला दोन म्हणजे चाळीस सजदे होतात, चाचा अजूनही उभ्याने करतात, वय बहात्तर. मी चाळिशीतला, चौदात गार.

हातातल्या जपमाळा पण बघितल्या. आजीची पाच दशकांची, दहा-दहा मण्यांची. चाचांच्या तस्बीहला तेहतीस मणी, तीन फेऱ्या केल्या की नव्व्याण्णव. आम्हा प्रोटेस्टंटांचे हात रिकामे, म्हणून आम्ही प्रार्थनेत जास्त बोलतो की काय कोण जाणे.

तिथून धावत घरी, कारण सहा चाळीसच्या आत पोचायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी चाचांचा मुलगा भेटला, काखेत सोलापुरी चादरीची वळकटी, पिशवीत दात घासायचा ब्रश. एतेकाफला निघाला होता. रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीतच राहायचं, विसाव्या रोजाच्या सूर्यास्ताआधी आत जायचं ते ईदचा चाँद दिसल्यावरच बाहेर. बॅटरीचं दुकान धाकट्याकडे सोपवलेलं. म्हटलं फोन? म्हणाला, "लेके जा रहा हूँ, पर देखूँगा नहीं." आमच्या पाळकसाहेबांनी मागच्या वर्षी तीन दिवसांचा एकांतवास ठेवला होता तेव्हा मी हेच वाक्य मराठीत बोललो होतो.

अजान झाली. खजूर, पाणी, मग कलिंगड. अंगणात मोठी चटई, मावशीपण तिथेच, डोक्यावर पदर. चाचीच्या डोक्यावरही पदर. दोघी प्रार्थनेला पदर घेतात ते कानामागे खोचायची पद्धतसुद्धा सारखी आहे, कुणी कुणाकडून उचलली आता विचारून उपयोग नाही.

शनिवार, २२ मार्च

पंप आला. चुकीचा.

संध्याकाळी विजापूर वेशीला मीना बाजारात गेलो, मावशीला ईदसाठी चाचीला साडी घ्यायची होती. शेवयांचे डोंगर, अत्तर, बांगड्या, टोप्या, आणि निखाऱ्यावर शीक. सोलापूरची शीक म्हणजे काय हे वर्णन करून सांगत बसत नाही, धूर आधी पोचतो, गाडा नंतर. मावशी तिथून जाताना पदर नाकाला लावून चालली. दिवसभर उपाशी राहिलेले लोक तिथे बसून आडवा हात मारत होते आणि दिवसभर तीनदा जेवलेली आमची मावशी तोंड फिरवून पुढे. मी म्हटलं मावशी, दोन्ही उपासांची बेरीज केली तर एकाचा पूर्ण दिवस होतो. म्हणाली, "गप बस, चल."

रात्री चाचा वही घेऊन बसले होते, जकातीचा हिशोब. वर्षभर पडून राहिलेल्या पैशावर अडीच टक्के, म्हणजे चाळीसावा हिस्सा. आमच्याकडे दशमांश, दहावा. चाचा म्हणाले तुम्हारा जादा है. मी म्हटलं हौ चाचा, पर देता कौन है.

मग तिथेच गप्पांत चाळिसाचं काय एवढं असं निघालं. मोशे डोंगरावर चाळीस दिवस, येशू रानात चाळीस दिवस उपाशी, सूफींचा एकांतसाधनेचा चिल्ला चाळीस दिवसांचा, बाळंतिणीचे चाळीस दिवस. चाची आतून ओरडली, "और मेरे चालीस साल इनके साथ." तो विषय तिथे संपला.

रविवार, २३ मार्च

उपवासकाळातला तिसरा रविवार. मावशीबरोबर नऊच्या भक्तीला. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, हे आता सगळीकडे राहिलं नाही पण मावशीच्या पिढीचं अजून तसंच आहे. दारात एक पेन्शनर काका हात वर करून म्हणाले, "सलाम." पुण्यात वाढलेल्या माझ्या पोरीला हे सांगितलं तर तिला खोटं वाटतं, पण जुने मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलामच करतात. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांसमोर उभा राहून पहिलं वाक्य म्हणतो ते "तुम्हांस शांती असो", आणि चाचा रोज कठड्यापलीकडून 'अस्सलामु अलैकुम' म्हणतात त्याचाही अर्थ तोच.

घंटा वाजली. घंटेवरूनही एक गोष्ट आहे. मदिनेत लोकांना नमाजेला बोलवायचं कसं असा प्रश्न पडला तेव्हा ख्रिस्ती लोक वाजवतात तो नाकूस, म्हणजे लाकडी ठोका, वापरावा असाही विचार झाला होता. मग अब्दुल्ला इब्न जैद नावाच्या सोबत्याला स्वप्न पडलं, त्यात एक माणूस नाकूस घेऊन चाललेला, याने तो विकत मागितला, तर तो म्हणाला त्याहून चांगलं सांगतो, आणि अजानचे शब्द शिकवले. म्हणजे अजानच्या गोष्टीतसुद्धा एक ख्रिस्ती ठोका हातात आहेच.

पाळकसाहेबांनी मत्तयाचा सहावा अध्याय घेतला. लहानपणापासून ऐकतोय पण आज कान वेगळे होते. येशू तिथे ओळीने तीन गोष्टी सांगतो: दान द्याल तेव्हा कसं, प्रार्थना कराल तेव्हा कसं, उपास कराल तेव्हा कसं. 'केलात तर' नाही म्हणत. जकात, नमाज, रोजा. चाचांच्या धर्माच्या पाच खांबांपैकी तीन एका अध्यायात बसलेत आणि आम्ही एवढी वर्षं त्यातली फक्त प्रार्थना पाठ केली, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे". कुराणात तर रोज्याच्या आयतीतच, म्हणजे वचनातच सांगितलंय की तुमच्या आधीच्यांवर होता तसाच तुमच्यावर उपास लागू केलाय. माल्टा बेटावरचे कॅथलिक उपवासकाळाला 'रन्दान' म्हणतात आणि देवाला 'अल्ला'. अरबी ख्रिस्ती पण बायबलात 'अल्लाह'च वाचतात.

त्याच अध्यायात ते वाक्य आहे, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. घरी येऊन चाचांना सांगितलं तर ते म्हणाले हे तर हमारी हदीस है. कयामतच्या दिवशी सात जणांना अल्लाची सावली मिळेल, त्यातला एक असा की ज्याच्या उजव्याने काय दिलं ते डाव्याला कळलं नाही. शब्दाला शब्द. मी उत्साहात म्हटलं, मग चाचा फरक राहिला काय? चाचा थांबले. म्हणाले, "बेटा, फरक है. तुम बोलते सूली पे चढे, हम बोलते नहीं चढे, अल्लाने उठा लिया. छोटी बात नक्को समझ." मावशी कठड्याशी होती, ती म्हणाली की यावर मावसा आणि चाचा एकदाच बोलले होते, गिरणीच्या दिवसांत, त्यानंतर तीन दिवस कुणी कुणाकडे साखर मागायला गेलं नाही. चौथ्या दिवशी चाची आली, साखर संपलेली नसताना.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर कबरस्तानात गेलो, मावशी, मी आणि चाचा. रोजा असून आले, तोंड सुकलेलं. मावसा २०१९ ला गेले. फरशीवर धूळ होती, मावशीने पदरानेच पुसली, मी बाटलीतलं पाणी शिंपडलं. चाचा पायथ्याशी उभे राहिले, हात पसरले, काय म्हणाले ऐकू आलं नाही.

मावशीने मग मला सांगितलं. माती देताना आमची माणसं एकेक मूठ टाकून बाजूला होत होती, चाचांनी तीन टाकल्या. वाकायचे, ओंजळ भरायचे, ओठ हलायचे, पुन्हा वाकायचे. तिला तेव्हा वाटलं दुःखाने करतायत. वर्षभराने तिने विचारलं. तर त्यांच्यात तीन ओंजळी मातीबरोबर एक आयत तीन भागांत म्हणतात: यातूनच तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ, आणि यातूनच पुन्हा उठवू. मावशी म्हणाली, आपले पाळक तेव्हा काय म्हणत होते आठव, मातीला माती, आणि राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना पण तेच, तू माती आहेस आणि मातीस परत मिळशील. "मी त्याला म्हटलं, मग तू आमच्या माणसाला तुमच्यातली पण देऊन टाकलीस की. तर म्हणतो, भाभी, पाळी एकच थी ना, एक के साथ दूसरा हाजरी लगाता था."

चाचा तोवर फाटकाशी जाऊन घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं राहिली होती, रिक्षा काही मिळेना, शेवटी पिशवीतला खजूर मी मावशीच्या हाती दिला, तिने चाचांच्या, आणि कुठल्याशा मशिदीची अजान आली तेव्हा आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. मीही एक खाल्ला. फळ आहे.

सोमवार, २४ मार्च

सकाळी साडेसहाची हुतात्मा. निघताना पाच वाजता दोन्ही घरांत दिवे लागलेले, चाचीने सेहरीतल्या भाकरी बांधून दिल्या, मावशीने शेंगा चटणी. कूलर काल रात्री एकदाचा चालू झाला होता, थंड वारा आला, मावशीने मला पाचशेची नोट देऊ केली, मी घेतली नाही, मग ती बॅगेत सापडली.

कुर्डुवाडीला फोन आला. कूलर गळतोय, पाणी कठड्यावरून पलीकडे चाललंय. म्हटलं कूलरवाल्याला बोलाव. मावशी म्हणाली, राहू दे आता, चाचीने खाली पुदिन्याची कुंडी सरकवलीय.